विरारचा मुलगा आणि न थकणारं गाणं



लग्नसराई आली की वसई-विरारच्या गावागावांत हळदीच्या रात्री जागू लागतात. आगाशी घ्या, नाळे घ्या, सोपारा घ्या, नाहीतर विरार स्टेशनजवळच्या एखाद्या सोसायटीचं आवार घ्या. मांडव पडलेला असतो. बेंजोवाले किंवा डीजेवाले येऊन बसलेले असतात. मध्ये पोरांचा धुडगूस आणि कडेच्या खुर्च्यांवर मोठ्या माणसांच्या गप्पा! मग एक जुनं गाणं सुरू होतं. पहिले चार ठोके पडतात न पडतात तोच खुर्च्यांवर चुळबुळ होते. एरवी ‘आपल्याला नाही बुवा नाचता येत’ म्हणणारे काका चष्मा काढून खिशात ठेवतात आणि सरळ मांडवाच्या मधोमध येऊन उभे राहतात!

आता सांगा पाहू, हे गाणं कोणतं? प्रत्येक मांडवात ते वेगळं असू शकतं. पण त्यातलं एक गाणं असं आहे, की ज्याचा विरारशी जवळचा संबंध आहे. 1987 साली आलेल्या ‘खुदगर्ज’ या हिंदी चित्रपटातलं ‘आप के आ जाने से’. पडद्यावर गोविंदा आणि नीलम. संगीत राजेश रोशन यांचं. दिग्दर्शक त्यांचेच थोरले भाऊ राकेश रोशन, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. गाणारे दोघं, मोहम्मद अझीझ आणि साधना सरगम.

या गाण्याला आता पस्तीसहून अधिक वर्षं झाली. तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हता. तरी हे गाणं तुम्हाला ठाऊक आहे ना? ते का बरं? गाणी तर दरवर्षी शेकड्यांनी येतात आणि पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवून मावळतात. मग एखादंच का टिकतं? आज याचाच शोध घेऊ या.

आधी ‘डिस्को’ म्हणजे काय ते पाहू. शब्द मुळात फ्रेंच आहे, डिस्कोथेक. फ्रेंच भाषेत पुस्तकांच्या संग्रहाला बिब्लिओथेक म्हणतात, तसं तबकड्यांच्या संग्रहाला डिस्कोथेक. म्हणजे गाण्यांचं वाचनालयच की! पुढे जिथे वादक न बोलावता तबकड्या लावून लोक नाचत, त्या जागांना हे नाव पडलं. 1970 च्या सुमाराला न्यूयॉर्कमधल्या अशा जागांत एक नवं संगीत रुजलं. तिथे नाचणारे बरेच जण कृष्णवर्णीय होते, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरांतले होते. बाहेरच्या जगात ज्यांना फारसा मान नव्हता, त्यांना नाचाच्या त्या फरशीवर मात्र कुणी ‘तू कोण?’ असं विचारत नसे. 1977 साली ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा चित्रपट आला आणि हे संगीत जगभर पोचलं.

गंमत अशी, की अमेरिकेत लवकरच डिस्कोचा लोकांना कंटाळा आला. 1979 च्या जुलैत शिकागोच्या एका बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवून देण्यात आला! तिकडे असं चाललेलं असताना आपल्याकडे मात्र डिस्को नुकता कुठे पाऊल टाकत होता. 1980 साली ‘कुर्बानी’ चित्रपटात ‘आप जैसा कोई’ हे गाणं आलं. ते गाणारी नाझिया हसन मूळची कराचीची, लंडनमध्ये वाढलेली. गाणं गायली तेव्हा तिचं वय किती असेल? अवघं पंधरा! म्हणजे तुमच्या ताईएवढी मुलगी. त्या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तिच्यासाठी चाल बांधणारे बिद्दू मूळचे बंगलोरचे. 1982 साली मिथुन चक्रवर्तीचा ‘डिस्को डान्सर’ आला, बप्पी लाहिरींच्या संगीतावर देश नाचू लागला, आणि गणपतीच्या मिरवणुकीपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत डिस्को पोचला.

याच दिवसांत विरारमध्ये एक मुलगा तासन् तास नाचाचा सराव करत होता.

तेव्हाचं विरार आजच्यासारखं नव्हतं. महानगरपालिका नव्हती, ती आली 2009 साली. पालघर जिल्हाही नव्हता, तो झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. तेव्हा विरार ठाणे जिल्ह्यात होतं. मुंबईत कामाला जाणारी माणसं लोकलला लटकून चर्चगेट गाठायची आणि रात्री परत यायची. साठ किलोमीटर जायचं, साठ किलोमीटर यायचं. एवढ्यापुरतं विरार आजही तसंच आहे म्हणा!

या मुलाचे वडील अरुण आहुजा एके काळचे सिनेमातले नायक. 1940 सालच्या ‘औरत’ चित्रपटात त्यांनी काम केलं होतं. पुढे त्यांनी स्वतः चित्रपट काढला, तो चालला नाही, आणि मुंबईतलं मोठं घर सोडून कुटुंब विरारला आलं. आई निर्मलादेवी ठुमरी गाणाऱ्या नामवंत गायिका. म्हणजे घरात पैसा बेताचा, पण सूर भरपूर! मुलानं वसईच्या अण्णासाहेब वर्तक महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली. एका मोठ्या हॉटेलात तो नोकरी मागायला गेला, पण इंग्रजी बोलता येईना म्हणून रिकाम्या हातानं परत आला. हे त्यानंच पुढे मुलाखतींत सांगितलंय.

मग त्यानं काय केलं? नाचाचा सराव केला आणि आपल्या नाचाची एक व्हीएचएस कॅसेट तयार केली. व्हीएचएस म्हणजे जाडजूड पुस्तकाएवढी चित्रफीत. आज तुम्ही मोबाइलवर नाच टिपता आणि दोन मिनिटांत शंभर जणांना पाठवता. त्याला ती कॅसेट घेऊन निर्मात्यांचे उंबरठे झिजवावे लागले. 1986 साली त्याचे ‘इल्जाम’ आणि ‘लव्ह 86’ हे चित्रपट आले, आणि विरारचा मुलगा हिंदी सिनेमाचा गोविंदा झाला. दुसऱ्याच वर्षी ‘खुदगर्ज’. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. आणि त्याच्याबरोबर गाण्यात जिचा आवाज आहे ती साधना सरगम होती जेमतेम अठरा वर्षांची! ती आपल्या कोकणातली, दाभोळची, घाणेकरांची मुलगी. पुढे तिनं कितीतरी भाषांत गाणी गायली. तमिळ गाण्यासाठी तर तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. कोकणातली मुलगी तमिळ गाण्यासाठी देशात पहिली, आहे की नाही कमाल?

झालं, गोष्ट सांगून झाली. आता मूळ प्रश्नाकडे वळू या. गाणं टिकतं कशामुळे?

पहिलं कारण ठोक्यात आहे. डिस्कोचं सगळं घर एका साध्या पायावर उभं असतं. एक-दोन-तीन-चार, प्रत्येक मात्रेला मोठ्या ढोलाचा एकेक ठोका. मध्ये गुंतागुंत नाही, चुकवाचुकवी नाही. एका मिनिटात साधारण 110 ते 130 ठोके. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. आता एक प्रयोग करा. शांत बसा, मनगटावर बोट ठेवा, 15 सेकंद नाडी मोजा आणि आलेल्या आकड्याला 4 नी गुणा. आकडा 70 ते 100 च्या आसपास येईल. मग खाली जाऊन सोसायटीला दोन फेऱ्या पळत मारा आणि पुन्हा मोजा. आता आकडा शंभराच्या बराच पुढे गेलेला असेल. डिस्कोचा ठोका हा असा पळणाऱ्या, आनंदानं धावणाऱ्या हृदयाच्या गतीचा ठोका आहे! आपण झपाझप चालतो तेव्हा पावलंही साधारण याच गतीनं पडतात. म्हणून ज्याला नाचाची एकही पायरी येत नाही, त्यालाही या ठोक्यावर पाय टाकता येतो. तो चालतोच आहे, फक्त जागच्या जागी.

आणखी एक गंमत. एकसारखा ठोका ऐकला, की पुढचा ठोका केव्हा पडणार याचा अंदाज आपला मेंदू आधीच बांधतो. आपण गप्प बसलेलो असलो, तरी मेंदूतले हालचाल घडवणारे भाग जागे होतात. म्हणूनच तर वर्गात बाकाखाली पाय आपोआप हलतो आणि बाई ओरडतात! पाय बिचारा काय करणार?

दुसरं कारण चालीत आहे. चांगल्या चालीची एक सोपी परीक्षा असते. तिला आपण शिट्टीची परीक्षा म्हणू. गाण्यातली सगळी वाद्यं काढून टाका, शब्द काढून टाका, आणि चाल नुसती शिट्टीवर वाजवा. ऐकणाऱ्यानं ती लगेच ओळखली, तर गाणं पास! हळदीच्या मांडवात बेंजोवाले काय करतात? हीच परीक्षा घेतात. स्टुडिओतला मोठा वाद्यवृंद त्यांच्याकडे नसतो. तारा छेडायच्या, ढोलकी-ड्रम बडवायचे, आणि तेवढ्यात गाणं उभं करायचं. ज्या गाण्याला नुसता दिमाख असतो ते इथे कोसळतं. ज्याला चाल असते ते उभं राहतं. मुंबईच्या स्टुडिओत जन्मलेलं गाणं गावातल्या वादकाच्या हातात जाऊनही जिवंत राहतं, तेव्हाच ते गावाचं होतं.

तिसरं कारण शब्दांत आहे, आणि ते मला सगळ्यांत जास्त आवडतं. ‘आप के आ जाने से’ आणि नाझियाचं ‘आप जैसा कोई’, या दोन्ही गाण्यांत सारखं काय आहे? दोन्हींचा पहिलाच शब्द बघा. ‘आप’! आपल्या मराठीत ‘तुम्ही’. हिंदी प्रेमगीतांत ‘तू’ आणि ‘तुम’ यांचीच गर्दी असते. इथे मात्र ज्याच्यावर प्रेम आहे, त्याला आदरानं हाक मारलेली आहे. आता प्रेमगीत म्हटलं की तुमच्यातले काही जण गालात हसतात, काही जण मान खाली घालतात. हसू नका, लाजूही नका! प्रेमाच्या गाण्यात आदर असू शकतो, नव्हे, असायलाच हवा, ही गोष्ट तेरा-चौदाव्या वर्षी कळली तर आयुष्यभर पुरते. एखादी मुलगी किंवा मुलगा आवडणं निराळं आणि त्याच्या मागे लागून त्याला त्रास देणं निराळं. पहिल्यात ‘आप’ असतं, दुसऱ्यात नसतं.

आणि गाण्याचा विषय तरी काय? कुणीतरी आलं आणि त्याच्या येण्यानं बरं वाटलं, एवढाच! लग्नघरात दुसरं काय असतं? नवरी येते, नवरा येतो, गावाहून मावशी येते, वर्षानुवर्षं न भेटलेला मित्र येतो. ज्याला-त्याला वाटतं, हे गाणं आपल्या माणसासाठी आहे. त्या ‘आप’मध्ये आजीही बसते आणि दोन वर्षांची भाचीही बसते.

याच 1987 साली मराठीतही असंच एक गाणं आलं होतं बरं का! सचिन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘गंमत जंमत’ चित्रपटातलं ‘अश्विनी ये ना’. गायलं किशोरकुमार यांनी. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला किशोरकुमार गेले. गाणं मात्र आजही लग्नाच्या मांडवात हजर असतं. त्यातही कुणाच्या तरी येण्याचीच हाक आहे. हे कुणाचं ‘येणं’ माणसांना किती हवंहवंसं वाटतं, पाहा!

पण थांबा. ठोका चांगला, चाल चांगली, शब्द चांगले, एवढ्यानं गाणं टिकतं का? कपाटात ठेवलेली पतंगाची फिरकी कितीही उत्तम मांज्याची असली, तरी पतंग उडवायला कुणीतरी गच्चीवर जावंच लागतं. गाण्याचंही तसंच आहे. त्याला घेऊन उठणारं माणूस लागतं.

2018 साली तसंच घडलं. मध्यप्रदेशातल्या विदिशा शहराचे एक प्राध्यापक ग्वाल्हेरला नातेवाइकांच्या लग्नात गेले होते. वय पंचेचाळिशीच्या पुढे, अंगानं सुखवस्तू. ते मंचावर चढले आणि ‘आप के आ जाने से’ या गाण्यावर नाचले. अगदी गोविंदासारखे! तीच मान, तेच खांदे, तेच हसू. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि काही दिवसांत देशभर पसरलं. लोक त्यांना ‘डान्सिंग अंकल’ म्हणू लागले. मध्यप्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांनी त्यांचं कौतुक केलं, विदिशाच्या नगरपालिकेनं त्यांना आपला सदिच्छादूत नेमलं, आणि पुढे स्वतः गोविंदाशीही त्यांची भेट झाली.

लोकांना त्यांचं काय आवडलं असेल? त्यांच्यापेक्षा चपळ नाचणारे हजारो असतील. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न औषधालाही नव्हता. तरुणपणापासून जपलेली नाचाची हौस त्यानं वयाच्या नावाखाली अडगळीत टाकली नव्हती. त्या एका नाचानं एकतीस वर्षांपूर्वीचं गाणं पुन्हा नवं झालं. तुमच्यासारख्या कितीतरी मुलांनी ते त्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. त्याच वर्षी 27 नोव्हेंबरला त्या गाण्याचे गायक मोहम्मद अझीझ यांचं मुंबईत निधन झालं. जाण्याआधी आपलं गाणं पुन्हा देशभर घुमताना पाहण्याचं भाग्य त्यांना लाभलं.

आता जरा तुमच्याशी सरळ बोलतो. घरच्या लग्नात बाबा नाचायला उठले, की तुमच्यातले किती जण म्हणतात, ‘ई, बाबा, प्लीज! बसा ना!’ आणि किती जण गुपचूप मोबाइल काढून त्यांचं चुकलेलं पाऊल टिपतात, ग्रुपवर टाकतात आणि खाली हसरे चेहरे चिकटवतात? विदिशाच्या प्राध्यापकांचं लोकांनी कौतुक केलं, ही चांगली गोष्ट झाली. प्रत्येकाच्या वाट्याला तसं येत नाही. कितीतरी जणांची टिंगल होते आणि ते पुन्हा कधीच नाचत नाहीत. म्हणून एक नियम करून टाका. कुणाचाही नाच टिपून पुढे पाठवण्याआधी त्याला विचारायचं. मग ते बाबा असोत नाहीतर वर्गातला लाजाळू मुलगा. गाण्याला जिवंत ठेवणाऱ्या माणसाला आपण खाली बसवलं, तर गाणंही त्याच्याबरोबर खाली बसतं.

आई-बाबांनो, आता दोन ओळी तुमच्यासाठी. ‘आमच्या वेळची गाणी म्हणजे गाणी, नाहीतर तुमची ही आदळआपट!’ हे वाक्य तुम्हीही जरा आवरा. तुम्ही चित्रहार आणि छायागीताची वाट पाहत बसायचात, कॅसेटची रीळ पेन्सिलीनं गुंडाळायचात, तेव्हा तुमच्या आई-बाबांनी डिस्कोबद्दल हेच वाक्य म्हटलं होतं, आठवतंय ना? स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे सांगतात, की दहाव्या वर्षापासून विशी-पंचविशीपर्यंत ऐकलेली गाणी माणसाच्या मनात सर्वांत खोल रुजतात. म्हणजे तुमच्या मुलांचा तो कप्पा आत्ता भरतोय. तो भरताना त्यांच्याबरोबर बसा. तुमचं एक गाणं त्यांना द्या, त्यांचं एक तुम्ही घ्या.

तर दोस्तांनो, या आठवड्याचा उद्योग असा. एक वही घ्या. आजी-आजोबा, आई-बाबा, शेजारचे काका-काकू, दूधवाले दादा, अशा पाच मोठ्या माणसांना विचारा, ‘तुम्ही माझ्याएवढे असताना तुम्हाला कोणत्या गाण्यावर नाचावंसं वाटायचं?’ गाण्याचं नाव, साल आणि त्याबद्दलची एक आठवण लिहून ठेवा. मग घड्याळ लावून त्या गाण्याचे 15 सेकंदांतले ठोके मोजा आणि 4 नी गुणा. शिट्टीची परीक्षाही घ्या. कोणतं गाणं पास होतं, कोणतं नापास, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची पायरी विसरू नका. वही मिटवा, ते गाणं लावा आणि ज्यांनी ते सांगितलं त्यांचा हात धरून त्यांना उठवा. आजीचे गुडघे दुखत असतील तर तिनं बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या तरी चालेल. टाळी हाही ठोकाच!

मग, कोणती पाच गाणी निघाली? आम्हाला नक्की लिहून कळवा. तोवर नाचत राहा!